कोळंबीच्या खाद्यात गुळवेल : ७४ टक्के, पण कशाचे?

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या ज्युनियर्सकडून, त्यातही झूऑलॉजी आणि बायोटेकवाल्यांकडून, एक विषय हमखास येतो. एक औषधी वनस्पती घ्यायची, तिचा अर्क काढायचा, मासा किंवा कोळंबीच्या खाद्यात मिसळायचा, महिनाभर खाऊ घालायचं, मग रोगजंतू टोचायचा आणि किती जगल्या ते मोजायचं. "ताई, कोणती वनस्पती अजून कोणी केली नाहीये?" हा त्याच्या पुढचा प्रश्न. म्हणजे विषय ठरलेला, पद्धत ठरलेली, निष्कर्षसुद्धा जवळजवळ ठरलेला. फक्त झाडाचं नाव भरायचं बाकी.

झाड शोधायच्या आधी या प्रकारातला एक जुना आणि पुष्कळ उद्धृत होणारा शोधनिबंध आपण नीट वाचू या. तुमची तीन-चार वर्षं यात जाणार आहेत आणि कुठेतरी एखादा शेतकरी त्याच्या जोरावर बाटली विकत घेणार आहे, म्हणून जरा बारकाईने वाचू.

मलकापुरात बसून कोळंबीचं काय, असं वाटेल. आपल्याकडे ताटात येतात ते गोड्या पाण्यातले झिंगे. खाऱ्या पाण्यातली कोळंबी शेती ती पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांवर. पण ज्या पाच वनस्पतींबद्दल मी बोलणार आहे, त्यातल्या चार तुम्ही ओळखता. कोळंबीचा आणि पूर्णेच्या काठच्या खाऱ्या पाण्याचा संबंधही पुढे येईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू, म्हणजे डब्ल्यूएसएसव्ही, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व आशियात दिसला आणि १९९४-९५च्या सुमारास भारतात पोहोचला. तेव्हा आपल्याकडे टायगर कोळंबी, पिनिअस मोनोडॉन, पाळली जायची. हा रोग तळ्यात शिरला की आठ-दहा दिवसांत तळं रिकामं होऊ शकतं. औषध नाही. लोकांनी हाताला लागेल ते वापरलं, त्यात प्रतिजैविकंही आली. विषाणूवर प्रतिजैविकाचा काही उपयोग नसतो हे तुम्हाला सांगायला नको, पण घाबरलेला माणूस पाठ्यपुस्तक उघडून बसत नाही. मग निर्यातीच्या मालात क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांचे अंश सापडायला लागले, माल परत यायला लागला. युरोपीय संघाने तर २०१६मध्ये भारतीय कोळंबीची तपासणी १० टक्के खेपांवरून ५० टक्क्यांवर नेली. अशा वेळी "रसायन नको, वनस्पती वापरा" हा विचार येणं अगदी रास्त होतं. माझं भांडण त्या विचाराशी नाही.

आता निबंध. टी. सिटारासु आणि सहकाऱ्यांचा, 'फिश अँड शेलफिश इम्युनॉलॉजी' या नियतकालिकात २००६मध्ये आलेला. पाच वनस्पती घेतल्या : दूर्वा, बेल, गुळवेल, कुटकी आणि माका. मिथेनॉलमध्ये अर्क काढले, समप्रमाणात मिसळले आणि किलोभर खाद्याला १००, २००, ४०० आणि ८०० मिलिग्रॅम अशा चार मात्रा केल्या. साधारण ८ ग्रॅमच्या निरोगी टायगर कोळंब्यांना २५ दिवस हे खाद्य दिलं. एका गटाला बिनअर्काचं. मग सगळ्यांना विषाणूची लागण केली. बिनअर्काचा गट सात दिवसांत पूर्ण संपला. ८०० मिलिग्रॅमवाल्या गटात ७४ टक्के जगल्या आणि त्यांच्या शरीरातला विषाणूचा भारही कमी होता.

शून्य विरुद्ध चौऱ्याहत्तर. असा निकाल दिसला की सेमिनारमध्ये टाळ्या पडतात. आणि खरं सांगायचं तर या निबंधात चांगल्या गोष्टी आहेत. चार मात्रा आहेत, त्यामुळे मात्रा वाढली की परिणाम वाढतो का हे बघता येतं. नुसत्या रक्तचाचण्यांवर न थांबता प्रत्यक्ष लागण करून पाहिली आहे. विषाणू मोजला आहे. नंतर आलेल्या कितीतरी निबंधांत एवढंही नसतं.

मग अडतं कुठे? पहिली अडचण पाचाच्या मिश्रणात आहे. पाचही एकत्र मिसळून चार मात्रा केल्या, म्हणजे मात्रेबद्दल कळलं, वनस्पतींबद्दल नाही. काम गुळवेलीने केलं की माक्याने? की दूर्वेने एकटीनेच केलं आणि बाकीच्या चार नुसत्या सोबतीला होत्या? ही शंका हवेतली नाही. तमिळनाडूतल्याच मेलविशारमच्या सी. अब्दुल हकीम कॉलेजमधल्या गटाने पुढच्या एक-दोन वर्षांत अनेक भारतीय वनस्पती याच विषाणूविरुद्ध तपासल्या आणि दूर्वेवर एकटीवर निबंध लिहिले. दूर्वा म्हणजे आपली हराळी, जी वावरातून खणून काढता काढता वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची कंबर मोडते. ती एकटी पुरत असेल तर प्रश्नच मिटला. बांधावर फुकट आहे. पण मिश्रणाच्या प्रयोगातून हे कळणारच नाही.

कळणं का महत्त्वाचं, ते कुटकीकडे बघितलं की लक्षात येतं. बाकीच्या चार मलकापूरच्या आसपास फिरून गोळा करता येतील. बेल देवळाजवळ, माका पाणथळ जागी, गुळवेल लिंबावर चढलेली. कुटकी हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढते, आणि अतितोडीमुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या परिशिष्ट दोनखाली नियंत्रण आहे. आता साधा हिशोब करा. एका हंगामात ५ टन कोळंबी निघणारं तळं धरा. किलोभर कोळंबीला दीड किलो खाद्य लागतं असं धरलं तर साडेसात टन खाद्य. किलोला ८०० मिलिग्रॅम म्हणजे ६ किलो अर्क, त्यातला पाचवा हिस्सा कुटकीचा, १.२ किलो. अर्काचा उतारा दहा टक्के धरला तर बारा किलो वाळलेली कुटकी, एका तळ्याला, एका हंगामाला. देशाचं कोळंबी उत्पादन लाखो टनांत आहे. निबंधाच्या शेवटी "स्वस्त आणि पर्यावरणपूरक पर्याय" असं लिहिण्याची पद्धत आहे. ते लिहिण्यापूर्वी हा गुणाकार करायला पाच मिनिटं लागतात. मी तरी तो क्वचितच केलेला पाहिला आहे.

दुसरी गोष्ट, 'अर्क' म्हणजे नक्की काय? हा प्रश्न मी या एका निबंधाला विचारत नाही, या जातीच्या सगळ्याच लिखाणाला विचारते. तुमच्या गुळवेलीचा अर्क आणि पुढच्या जिल्ह्यातल्या गुळवेलीचा अर्क एकच आहे का? २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि त्यांचा एक मुद्दा नेमका ओळखीचा होता : टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच्या नावाखाली टिनोस्पोरा क्रिस्पासारखी दिसायला जवळची दुसरी वेल वापरली जाते. वाद कोणी जिंकला ते बाजूला ठेवा. माणसांच्या बाबतीत जर वेल कोणती यावर एवढं घडतं, तर कोळंबीच्या निबंधात "स्थानिक बाजारातून आणली" एवढ्या एका ओळीवर कसं भागेल? झाडाचा नमुना वाळवून हर्बेरियममध्ये क्रमांकासह ठेवायचा, आणि अर्कात ओळखीचा एखादा घटक मोजायचा. माक्यात वेडेलोलॅक्टोन, कुटकीत पिक्रोसाइड. एचपीएलसीची एक फेरी. हे केलं नाही तर दुसऱ्या कोणाला तुमचा प्रयोग पुन्हा करता येत नाही. पुन्हा करता येत नाही म्हणजे तो खोटाही ठरवता येत नाही.

यकृताचा विषय निघालाच आहे तर : कोळंबीत यकृत आणि स्वादुपिंड यांचं काम एकच अवयव करतो, हेपॅटोपँक्रियास. वनस्पतीतले त्रासदायक घटक सगळ्यात आधी तिथे लागतात. त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली न बघता "दुष्परिणाम आढळले नाहीत" असं लिहिलेलं दिसलं, तर ते "बघितलं नाही" असं वाचा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते. टाक्या.

समजा तुम्ही प्रत्येक गटाला तीन टाक्या दिल्या, प्रत्येक टाकीत वीस कोळंब्या. गटात साठ झाल्या. अर्कवाल्या साठातल्या ४४ जगल्या, साध्या गटातली एकही नाही. संगणकात ६० आणि ६० घातलं की पी-मूल्य इतकं छोटं येतं की ०.००१ लिहूनही उरतं. पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरतो कसा? मेलेली किंवा मरायला टेकलेली कोळंबी बाकीच्या खातात. पाणीही एकच. टाकीत पहिली कोळंबी सोमवारी मेली की बुधवारी मेली, यावर उरलेल्या एकोणीसांचं नशीब ठरतं. म्हणजे त्या वीस कोळंब्या वीस वेगवेगळ्या साक्षी देत नाहीत, सगळ्या मिळून एकच साक्ष देतात. एका गोठ्यातल्या वीस जनावरांना खुरकूत झाली तर वीस गावांत साथ आली असं आपण म्हणत नाही ना, तसं. तुमचा आकडा साठ नाही, तीन आहे.

याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्टने १९८४मध्ये परिसरशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल यावर जो निबंध लिहिला, तो पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीआधी वाचाच. तीनचा अर्थ काय होतो ते हाताने काढून बघू. तीन अर्काच्या टाक्या, तीन साध्या. सहा टाक्यांतून तीन निवडायचे मार्ग वीस. अर्क अगदी निरुपयोगी असला तरी तुमच्या तिन्ही टाक्या केवळ योगायोगाने वरचढ ठरण्याची शक्यता विसात एक, म्हणजे ०.०५. दोन्ही बाजू धरल्या तर ०.१०. म्हणजे नुसत्या क्रमावर जाणारी चाचणी वापरली तर प्रयोग कितीही देखणा होवो, तीन-तीन टाक्यांत याहून पुढे जाताच येत नाही. आता पाच-पाच टाक्या घ्या. दहातून पाच निवडायचे मार्ग २५२. तीच शक्यता एकदम २५२ मध्ये एक. कोळंब्या तेवढ्याच ठेवा, टाकीमागे बारा घाला. पण टाक्या वाढवा. खर्च थोडा वाढतो, पुरावा दहा-बारा पटींनी घट्ट होतो. हे गणित अकरावीचं आहे, तरी पद्धतीच्या विभागात टाक्यांची संख्या शोधावी लागते आणि कधीकधी सापडतच नाही.

२००६च्या निबंधातला शून्य आणि ७४ हा फरक इतका मोठा आहे की तो नुसता योगायोग असेल असं मी म्हणणार नाही. मात्र त्या चौऱ्याहत्तरच्या आजूबाजूला किती अनिश्चितता आहे, दुसऱ्या कोणी केलं तर ७० येईल की २५, हे ठरतं ते टाक्यांवरून.

रक्ताच्या तक्त्यांबद्दल थोडक्यात. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतात. तिच्याकडे हिमोसाइट नावाच्या पेशी असतात, आणि प्रोफिनॉलऑक्सिडेज नावाची एक यंत्रणा, जी चालू झाली की जखमेवर काळा थर धरतो. हर्बल निबंधात हिमोसाइट वाढले, फिनॉलऑक्सिडेज वाढलं, म्हणून "प्रतिकारशक्ती वाढली" असा निष्कर्ष येतो. आपल्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या की डॉक्टर पेढे वाटत नाहीत, कशामुळे वाढल्या ते शोधतात. कोळंबीतही पेशी त्रासानेसुद्धा वाढू शकतात. शिवाय ही यंत्रणा चालू ठेवणं फुकट नसतं. त्यातून तयार होणारे पदार्थ स्वतःच्या ऊतींनाही घातक असतात. आणि कोळंबी कात टाकते. कातीच्या कोणत्या अवस्थेत रक्त काढलं त्यावर हा आकडा वरखाली होतो. कातीची अवस्था नोंदवली नसेल तर तो तक्ता मी तरी वाचून सोडून देते.

लागण कशी केली तेही बघा. सुईने टोचली तर कवच आणि आतडं दोन्ही ओलांडले. खाद्यातला अर्क जिथे कामाला येऊ शकला असता ती जागाच वगळली. दुसरा प्रकार म्हणजे विषाणू आणि अर्क आधी नळीत एकत्र ठेवायचे, मग टोचायचे. यात अर्कातल्या टॅनिनने विषाणू नळीतच निकामी झाला असेल तरी "विषाणूरोधक" असा शिक्का बसतो. पोटात गेल्यावर तेच होईल असं नाही. पोटात जातं तरी किती? ८ ग्रॅमची कोळंबी रोज वजनाच्या तीन-चार टक्के खाते असं धरलं तर ८०० मिलिग्रॅमच्या खाद्यातून दिवसाला फार तर पाव मिलिग्रॅम अर्क. तोही पूर्ण नाही, कारण कोळंबी खाद्य गिळत नाही, पायांत धरून कुरतडत बसते, आणि तेवढ्या वेळात पाण्यात विरघळणारं विरघळून जातं. अर्धा तास पाण्यात ठेवलेल्या दाण्यात अर्क किती उरला, हे मोजायला तुम्हाला कोळंबीसुद्धा लागत नाही. मास्टर्सच्या प्रोजेक्टला सुंदर विषय आहे.

तरीही हा प्रयोग टाकीत जमला असं मानू. तळ्यात काय? २००९पासून भारतात व्हॅनामेई ही दुसरी जात आली, ठरावीक रोगांपासून मुक्त अशा पैदाशीची, आणि टायगर बऱ्याच अंशी मागे पडली. पांढऱ्या ठिपक्यांपासून तळी वाचवण्यात मोठा वाटा अशा बीजाचा, बीजाच्या पीसीआर तपासणीचा, दोन हंगामांमध्ये तळं वाळवण्याचा, खेकडे आत येऊ नयेत म्हणून लावलेल्या कुंपणाचा आणि पक्ष्यांसाठीच्या जाळ्यांचा. कंटाळवाणी कामं आहेत, बाटलीत भरता येत नाहीत. आजची मोठी डोकेदुखी ईएचपी. या सूक्ष्म परजीवीचं वर्णन २००९मध्ये थायलंडमधून झालं. तो सहसा झटक्यात मारत नाही, वाढ खुंटवतो. खाद्य जात राहतं, कोळंबी लहानच राहते, शेतकऱ्याचं कर्ज मात्र वाढतं. "लागणीनंतर सात दिवसांत किती जगल्या" या मोजमापाने ईएचपी दिसणारच नाही. तरी नवे प्रस्ताव जुन्याच मोजमापावर लिहिले जातात, कारण साचा तयार आहे.

बाजारातल्या बाटलीवर प्रतिजैविकमुक्त म्हणून नोंदणी झाल्याचं लिहिलेलं असतं. ती नोंदणी बंदी असलेली द्रव्यं त्यात नाहीत याबद्दल असते. गुण येतो याबद्दल नसते. हा फरक विकणारा सांगत नाही. संशोधकाने सांगायला हवा.

आता पूर्णेकडे. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा, जिथलं भूजल पिण्याला आणि ओलिताला नको होतं. या पाण्याचं करायचं काय हा इथला जुना प्रश्न, आणि कोळंबी हे त्याचं एक उत्तर म्हणून पुढे येणं साहजिक आहे; हरियाणात खाऱ्या भूजलावर व्हॅनामेई घेतली जाते, आणि मुंबईच्या वर्सोव्यातल्या सीआयएफईचं रोहतकचं केंद्र त्याच कामाला वाहिलेलं आहे. तिथला धडा असा की जमिनीतलं खारं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. क्षार तेवढेच असले तरी पोटॅशियम फार कमी असतं. मग कोळंबी कात टाकताना मरते. तिथे पोटॅश घालावं लागतं. अशा तळ्यात मर झाली आणि कोणी हर्बल पूरक घेऊन आलं, तर पोटॅशियमची उणीव गुळवेलीने भरून निघणार नाही. पूर्णा खोऱ्यातल्या विहिरींच्या पाण्यात सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचं गुणोत्तर गावोगाव काय आहे आणि त्यात व्हॅनामेईचं बीज किती दिवस टिकतं, हा विषय वनस्पतीच्या नावाइतका गोंडस नाही. पण इथल्या विद्यार्थ्याला घराजवळ करता येण्यासारखा आहे, आणि नागपूरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय फार लांब नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं बघत बसलो तर निबंध कधी छापायचा? यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली आहे, पण दबाव गेलेला नाही हे मलाही माहीत आहे. त्यातूनच हा साचा चालतो. हराळी किंवा बेल घालून काहीच फरक पडला नाही, असं सांगणारा निबंध शोधून बघा, हाताला लागणं कठीण. सगळ्याच वनस्पती गुणकारी ठरतात तेव्हा मला वनस्पतींपेक्षा चाळणीवर संशय येतो.

तरीही कोणाला याच विषयात जायचं असेल तर नवी वनस्पती शोधू नका. २००६चंच मिश्रण घ्या, या वेळी व्हॅनामेईवर. पाचही असलेला एक गट, दरवेळी एक वनस्पती वगळून पाच गट, आणि एक साधा गट, ज्याच्या खाद्यावर तेवढंच मिथेनॉल शिंपडून वाळवलेलं असेल. सात गट, प्रत्येकी पाच टाक्या. कुटकी वगळलेला गट बाकीच्यांइतकाच जगला तर तेवढ्यावरच प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहील. कोणत्या टाकीत काय आहे हे मोजणाऱ्याला माहीत नको, म्हणून टाक्यांवर नुसते क्रमांक लिहा. लागण रोगी कोळंबीचं मांस खाऊ घालून करा. विषाणूचं काम आहे, त्यामुळे सांडपाणी निर्जंतुक करायची सोय असलेली प्रयोगशाळा लागेल. कॉलेजच्या मागच्या खोलीत हे करायचं नाही. गाईड ठरवताना सरांना किंवा मॅडमना पहिल्याच भेटीत विचारा, पस्तीस टाक्या मिळतील का.